पाऊण तासाचं इंधन

४ फेब्रुवारी

धाकटीची शेवटची परीक्षा ठरली. अठरा तारखेला ती विमानात डाव्या खुर्चीत बसून समुद्रापार जाणार, उजवीकडे परीक्षक कॅप्टन. पास झाली की खांद्यावर चौथी पट्टी, म्हणजे स्वतः कॅप्टन. ती आणि मी एकाच कंपनीत, पण बातमी मला घरी येऊन आप्पांकडून कळली. आप्पा म्हणजे आमचे वडील, माझ्याकडेच राहतात. धाकटीने सकाळी पहिला फोन त्यांना केला. दुसरा मला केला होता म्हणे, पण मी कामावर फोन घेत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या तर आप्पा दारातच सुरू झाले. "आमची धाकटी कॅप्टन होतेय. अख्खं विमान तिच्या हातात!"

काकूंनी माझ्याकडे बघून विचारलं, "आणि थोरली?"

"ती ऑफिसात असते."

त्या ऑफिसात मी काय करते हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. मी डिस्पॅचर आहे. समुद्रावरून जाणाऱ्या विमानाने कुठल्या वाटेने जायचं, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन, आणि पलीकडचा विमानतळ बंद पडला तर कुठे उतरायचं, ते मी आखते. त्या आखणीवर कॅप्टनची आणि माझी अशा दोन सह्या लागतात. माझी नसेल तर चाक जागचं हलत नाही. पण मी ऑफिसात असते.

मलाही उडवायचं होतं. डॉक्टरांनी कानात बघितलं आणि मान हलवली, उंचीवर हा कान दगा देईल म्हणाले. काही वर्षांनी त्याच डॉक्टरांनी धाकटीच्या कानात बघितलं आणि तिच्याकडे पेढा मागितला. एकाच आईबापाचे कान. मला तिचा हेवा वाटतो. लिहून टाकलं एकदाचं, आता झोपते.

७ फेब्रुवारी

आज रविवार, धाकटी जेवायला येणार होती. ती येण्याआधी माझ्या नवऱ्याने सहज विचारलं, "तो पलीकडचा विमानतळ नक्की आहे तरी किती लांब?" झालं! आप्पा उठले आणि भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावली. जन्मभर चित्रकला शिकवली त्यांनी, पट्टीवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास.

मी म्हटलं, "आप्पा, तशी नाही मोजायची. पृथ्वी गोल आहे. जवळची वाट नकाशावर वरच्या अंगाने, कमानीसारखी वळून जाते."

"सरळ रेषेपेक्षा वाकडी रेष जवळची? काहीतरीच बोलतेस."

"आणि जवळची वाट लवकरची असतेच असं नाही. जाताना वारा पाठीवर असतो, येताना तोंडावर. अंतर तेवढंच, पण जायला अकरा तास लागले तर यायला तेरा. कधीकधी लांबचा वळसा घेतला तर लवकर पोचतं विमान."

"असं असेल बाबा तुमच्या ऑफिसात," असं म्हणून आप्पांनी पट्टीने सरळ रेघ ओढली. नकाशावर, पेन्सिलने!

मग धाकटी आली. रेघ बघून हसली. टेबलावरच्या दिव्याला गोल काच आहे, तिच्यावर तिने शिवणाच्या डब्यातला दोरा ताणून धरला आणि म्हणाली, "बघा आप्पा, इथून इथे. दोरा कुठून जातोय?" दोरा अर्थातच वरच्या अंगाने गेला. आप्पा आ वासून बघत राहिले. "अरे वा! इतकी वर्षं हे कुणी सांगितलं कसं नाही मला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटी म्हणाली, "मला ताईनेच दाखवलं होतं हे, याच दिव्यावर. मी सातवीत होते." पण तोवर आप्पा दोरा मोजण्यात गुंगले होते. आणि मला तिचा हा मोठेपणा नको होता. चारचौघांत ताईची कड घेतली की स्वतःच उठून दिसते, एवढं कळतं मला.

१२ फेब्रुवारी

अठराची आखणी माझ्याकडे आली. आली म्हणजे धाकटीने मागून घेतली. आमच्या साहेबांना म्हणाली, "ताईची पाळी त्या सकाळी लावता येईल का?" साहेब विरघळले. तिच्यासमोर सगळेच विरघळतात.

म्हणजे बघा, राणीसाहेब कॅप्टन होणार आणि त्यांचा रस्ता झाडून द्यायला थोरली बहीण!

मग ती माझ्या खुर्चीच्या पाठीवर रेलून माझ्या जुन्या आखण्या वाचत उभी राहिली. त्यात शेवटी शेऱ्याची एक ओळ असते. इंधन म्हणजे वजन, आणि ते वजन वाहून न्यायलाही इंधन जळतं. म्हणून नियमापेक्षा जास्त घातलं तर कारण लिहावं लागतं. बाकीचे दोन शब्द खरडतात, नाहीतर ओळ कोरी सोडतात. मी नीट लिहिते. पलीकडचा विमानतळ खाडीच्या काठावर आहे. संध्याकाळभर समुद्राकडून ओला वारा आला आणि पहाटेआधी एकदम पडला, तर सूर्य वर येता येता धुकं दाटतं आणि तासाभरात विरतं. हवामानाच्या अंदाजात नुसतं 'विरळ धूसर' असं येतं. मी अशा वेळी पाऊण तासाचं इंधन जास्त घालते, म्हणजे विमान वर घिरट्या घालत थांबू शकतं, दुसरा विमानतळ शोधत पळावं लागत नाही.

धाकटीने एक शेरा मोठ्याने वाचला. "'पहाटे खाडी डोक्यावरून पांघरूण ओढून घेईल. उठेपर्यंत थांबावं.' ताई, तुझे शेरे वाचले की बरं वाटतं बघ. वाटतं, कुणीतरी जागं आहे."

खोलीतले सगळे हसले. कुणाला हसले कोण जाणे. मी म्हटलं, "मला काम आहे, तू निघ आता."

१५ फेब्रुवारी

धाकटी कोटाच्या खांद्याचं माप द्यायला शिंप्याकडे गेली होती. जाताना मला 'येतेस का' म्हणाली. मी कशाला जाऊ? पट्ट्या मोजायला? डोकं दुखतंय सांगितलं.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे आपल्याला सगळ्यांचं सगळं दिसतं असा त्याचा समज आहे. म्हणाला, "तुला राग तिचा येतो की तिच्या पट्टीचा?" मी म्हटलं, दोन्हींचा, आणि आता तुझाही. तो हसला आणि भांडी घासायला गेला.

आई गेली तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती. तिची वेणी मी घालायचे. घट्ट घातली तरी कुरकुर नाही, सैल घातली तरी नाही. तेव्हाही माझ्यावर उपकारच करत असावी.

१८ फेब्रुवारी, दुपारी

आखणी करून, सही करून घरी आले आहे. विमान सकाळी आठला सुटलं. तिकडे पहाट होईल तेव्हा इथे संध्याकाळचे सात झालेले असतील.

सरळ लिहिते. सकाळी हवामानाचे कागद समोर आले आणि मला दिसलं. समुद्राकडून ओला वारा, पहाटे पडणार. अंदाजात नेहमीप्रमाणे 'विरळ धूसर'. दुसरं कुठलंही उड्डाण असतं तर हात आपोआप पाऊण तासाकडे गेला असता.

मी घातलं नाही.

नियमाने लागतं ते सगळं इंधन आहे. वाटेचं आहे, वाऱ्याच्या फरकाचं आहे, पर्यायी विमानतळापर्यंत जायचं आहे, तिथे पोचूनही राखीव उरतं. कुणाच्या केसाला धक्का लागायचा नाही, नाहीतर मी सहीच केली नसती. फार तर काय, धुकं आलं तर तिला दुसरीकडे उतरावं लागेल. प्रवासी वैतागतील आणि परीक्षक विचारतील, कॅप्टन, याचा अंदाज तुम्हाला यायला नको होता का? मग सांगू दे उत्तर. कॅप्टन व्हायचंय ना? सगळं ताईनेच ताटात वाढायचं का?

शेऱ्याची ओळही कोरी सोडली. लिहायला काही नव्हतंच, असं मी स्वतःला सांगितलं.

सही करायला धाकटी आली. मागे परीक्षक कॅप्टन, ज्यांना आम्ही मौनीबाबा म्हणतो, कारण ते महिन्यातून चार वाक्यं बोलतात. धाकटीने आखणी वरपासून खालपर्यंत वाचली. शेवटाला आली आणि थांबली. मग माझ्याकडे बघितलं.

"एवढंच?"

"एवढंच. का, काही कमी आहे?"

"नाही." तिने सही केली. मग हळूच विचारलं, "ताई, तुला बरं आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?"

ती गेली. कॅप्टनला वाटलं तर ऐनवेळी विमानापाशी इंधन वाढवून घेता येतं, आणि विमान उडालं की आम्हाला तो आकडा येतो. मी तो बघितला नाही. त्या वेळी चहा प्यायला गेले होते. चहा चांगला नव्हता.

१८ फेब्रुवारी, रात्री साडेआठ

आप्पा संध्याकाळपासून फोन हातात घेऊन बसले होते. त्यावर धाकटीचं विमान दिसतं, समुद्रावरून सरकणारा पिवळा ठिपका. "कशी कमानीवरून चाललीय बघ," असं मला दहादा दाखवून झालं. मी भाजी चिरत होते. बोट कापलं.

सातला ठिपका किनाऱ्याशी आला आणि वळला. गोल फिरून पुन्हा तिथेच.

"हे काय? गोल गोल का फिरतेय?" आप्पांनी विचारलं.

"धुकं असेल."

"मग?"

"मग थांबेल थोडी."

किती थांबू शकेल ते मला माहीत होतं. दोन फेऱ्या. माझ्या इंधनावर दोन फेऱ्या झाल्या की तिला नाक वळवून दुसऱ्या विमानतळाकडे निघावंच लागणार होतं. मी हात पुसून आप्पांच्या मागे उभी राहिले. एक फेरी झाली. दुसरी झाली. आता वळेल म्हणून मी वाट बघत होते, आणि वळू नये असंही वाटत होतं, आणि वळावी असंही.

तिसरी फेरी सुरू झाली.

मी ओरडले असेन, कारण नवरा बाहेर आला. आता हिने काय चालवलंय? नियम मोडतेय की काय? मग डोक्यात प्रकाश पडला. तिने इंधन वाढवून घेतलंय. आणि सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर, म्हणजे हिचा माझ्या आखणीवर विश्वास नाही! अशी मिरची झोंबली नाकाला. सुटकेचा श्वास त्यानंतर आला.

चौथी फेरी, पाचवी, आणि मग ठिपका सरळ किनाऱ्याकडे गेला आणि उतरला. आप्पांनी टाळ्या वाजवल्या. मी न्हाणीघरात जाऊन दार लावून बसले, नवऱ्याने दोनदा हाक मारली तेव्हा बाहेर आले.

१९ फेब्रुवारी

सकाळी मौनीबाबांचा तिकडून फोन आला, थेट माझ्या टेबलावर. वर्षभराचं बोलणं त्यांनी एका फोनवर संपवलं.

"काल आजूबाजूची चार विमानं दुसरीकडे पळाली. आमचं एकच थांबू शकलं. कॅप्टनला विचारलं, जास्तीचं इंधन कशावरून घेतलंत? तर म्हणाल्या, 'ते ताईकडून आहे, माझं नाही.' चांगलं ओळखलंत तुम्ही धुकं. पण तोंडी का? आखणीत का घातलं नाहीत?"

मी काय म्हणाले? म्हणाले, "घाईत राहून गेलं."

"पुढच्या वेळी लिहीत जा. बाकी शाबास." फोन ठेवून दिला.

साहेबांनी सगळ्या खोलीला ऐकवलं. लोकांनी येऊन हात हातात घेतले. इतकी वर्षं ज्याच्यासाठी झुरले ते मिळालं, की धाकटीच्या परीक्षेच्या दिवशी कौतुक कुणाचं, तर माझं. तासभर मी अगदी हवेत होते, खोटं कशाला बोलू?

मग साहेब म्हणाले, "बिचारीची पट्टी मात्र लांबली. मौनीबाबा म्हणतायत, धुकं तिने स्वतः ओळखलं असतं तर तिथेच सही केली असती. दुसऱ्याच्या सांगण्यावरून इंधन घेतलं, त्यात तिचं काय बघायचं? आणखी दोन महिन्यांनी पुन्हा एक फेरी घेणार."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. 'बरं' म्हणाली."

बरं म्हणाली! मी सांगितलं नव्हतं हे तिला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि ती 'बरं' म्हणाली. एवढा मोठेपणा कुठून आणते ही? मला तिच्या पट्टीचा हेवा वाटत होता तो परवडला. आज तिच्या त्या 'बरं'चा वाटतोय, आणि ते काही कुठल्या शिंप्याकडे शिवून मिळत नाही.

संध्याकाळी आप्पा फोनवर कुणाला तरी सांगत होते, "अहो, थोरलीमुळे वाचलं विमान!" मी जेवले नाही.

२० फेब्रुवारी

मौनीबाबा परतीच्या विमानाने निघण्याआधी अहवाल पाठवणार होते. सकाळी कामावर पोचल्या पोचल्या मीच फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती.

म्हटलं, "धुक्याचं मी कॅप्टनना सांगितलं नव्हतं. मला दिसलं होतं. मी मुद्दाम घातलं नाही."

ते म्हणाले, "तुमच्या खोलीतले फोन रेकॉर्ड होतात, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"का घातलं नाहीत?"

"ती माझी धाकटी बहीण आहे. मला उडवायचं होतं आणि ती उडवते."

"म्हणजे निर्णय त्यांचा एकटीचा होता?"

"हो. सगळा."

"ठीक आहे. पट्टी त्यांची. तुमचं तुमचे साहेब बघतील."

साहेबांना मी स्वतःच जाऊन सांगितलं. त्यांचा चेहरा बघवेना. ओरडले असते तर बरं झालं असतं. चौकशी होईपर्यंत समुद्राचं टेबल माझ्याकडून काढलं. आता जवळच्या शहरांची छोटी विमानं मी आखायची, वर गेली न गेली तोच खाली येणारी. माझ्या जागी नवी मुलगी बसली. तिने खुर्ची उंच करून घेतली.

घरी येऊन आप्पांना सांगितलं. नवऱ्यासमोर सांगितलं. आप्पा चष्मा काढून पुसत बसले. मग एकदम म्हणाले, "चुकलं ते चुकलंच. पण विमानाने कुठून जायचं ते तू ठरवतेस, हे मला कधी नीट समजलंच नव्हतं." मला त्यांचाही राग आला आणि रडूही आलं.

आत्ता थोड्या वेळापूर्वी धाकटीचा फोन येऊन गेला. बोलणं जसं झालं तसं लिहून ठेवते.

"ताई, कशाला सांगितलंस गं? मी केली असती आणखी एक फेरी."

"तू का नाही सांगितलंस, की तू स्वतः धुकं ओळखलंस म्हणून?"

"मी कुठे ओळखलं? मला त्या कागदांत काही म्हणता काही दिसलं नाही. मी तुझा शेरा बघितला. कोरा! खाडीकडे जाणाऱ्या विमानाला तू कधी कोरा शेरा दिलायस? काही नसलं तरी 'आभाळ स्वच्छ, निवांत जा' एवढं तरी लिहितेस. म्हटलं, ही माझ्यावर चिडलीय. आणि चिडून गप्प बसलीय म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी नक्की आहे. म्हणून पाऊण तास घेतला. तू नेहमी तेवढाच घेतेस. आता हे मौनीबाबांना कसं समजावणार होते मी? तुझ्याकडून आलं, एवढंच खरं होतं, ते सांगितलं."

मी म्हटलं, "मला तुझा हेवा वाटतो. फार."

"माहितेय."

"आत्ताही वाटतोय."

"अगं माहितेय."

"मग मुद्दाम माझीच पाळी का मागून घेतलीस? दुसरं कुणी चाललं नसतं?"

"दुसऱ्या कुणी ओळ कोरी सोडली असती, तर मला काय कळलं असतं?"

मी फोन कानापासून लांब धरला, नाक पुसायला. मग तिने विचारलं, "परत यायला किती वेळ लागेल गं?"

टेबल माझं नाही, पण वारे मी बघितले होते. न बघून कशी राहीन? "वारा तोंडावर आहे. तेरा तास. उद्या दुपारी उतराल. नव्या मुलीने तुला सरळ वाट दिली असेल तर उत्तरेकडची माग, थोडी लांब आहे पण हलणार नाहीस."

"जेवायला थांबशील?"

"बघते," मी म्हटलं. उद्या सुटी टाकली आहे.